चिलटाच्या देहातील प्रवासी

आश्विन लागला, की बालाघाटाच्या डोंगरउतारांवरील सीताफळाची झाडे फळांनी लवतात, आणि ज्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळाला, त्या बीडच्या सीताफळाच्या पाट्या धारूर, अंबाजोगाईकडील बाजारांत ओळीने मांडल्या जातात. सीताफळाला थांबणे ठाऊक नाही. डोळे उघडले, की ते पाहता पाहता पिकते, आणि विक्रीवाचून राहिलेल्या फळाला आंबूस वास सुटतो न सुटतो तोच त्याच्यावर चिलटांचा तरंगता थवा जमा होतो. शेतकी खात्याची पत्रके जिच्याविरुद्ध सापळे लावावयास सांगतात, ती आंब्यापेरूच्या अंगात अंडी घालणारी फळमाशी निराळी. हे चिलट तिच्या मानाने निरुपद्रवी, आंबलेल्या गरावर वाढणाऱ्या यीस्टवर उदरनिर्वाह करणारे, आणि दुकानदाराच्या फडक्याखेरीज कोणाचेही लक्ष न वेधणारे आहे. याच चिलटांच्या गोत्रातील ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर नावाच्या जातीने जीवशास्त्राची एका शतकाहून अधिक काळ जी चाकरी बजावली आहे, तिची बरोबरी करील असा दुसरा प्राणी मला तरी दिसत नाही.

टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत, लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये, पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला, आणि अनुवंशाचा कारभार गुणसूत्रांवरून चालतो ही गोष्ट त्यातून पुढे सिद्ध झाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दिकी यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा आणि त्यांच्या गंध-रुचीच्या ज्ञानाचा अभ्यास केला. पुण्याच्या आयसर संस्थेतही या माश्यांवर संशोधन चालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास उबदार हवेत दहा दिवस, आणि खाण्याचा खर्च नगण्य: संशोधकाला याहून सोयीस्कर आश्रित कोठून मिळणार?

या माशीने ज्या कोड्यांवर प्रकाश टाकला, त्यांपैकी एक पेशींच्या स्थलांतराचे आहे. देहातील सर्वच पेशी जन्मल्या जागी राहत नाहीत. भ्रूणाची घडण होत असताना कित्येक पेशींना दूरचा पल्ला गाठावा लागतो. जखम झाली की रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्याकडे धाव घेतात. आणि कर्करोग प्राणघातक ठरतो तो बहुधा त्याच्या पेशी मूळ गाठ सोडून परमुलखात ठाणे देतात म्हणून. ज्या पेशीला डोळे नाहीत, स्मृती नाही, तिला कोठे जावयाचे हे कळते तरी कसे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो, आणि त्याच्या उत्तरात विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, मोठे स्थान आहे.

ज्वारीच्या भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले तर तो गोडसर लागू लागतो, याचे कारण लाळेतील एक विकर पिठूळ पदार्थाची शर्करा करू लागते. विकर म्हणजे असे प्रथिन, की जे एखादी रासायनिक क्रिया स्वतः न झिजता विलक्षण वेगाने घडवून आणते; कोठे एक द्रव्य घडविते, कोठे दुसरे मोडते. पचनापुरतीच त्यांची ओळख असलेल्या वाचकाला, पेशीच्या प्रवासाची दिशा हीदेखील याच घडण्यामोडण्यातून ठरते हे सांगितले, तर प्रथम ते खरे वाटणार नाही.

माशीच्या भ्रूणात, अंडे घातल्यावर काही तासांतच, शेपटीकडील टोकाला तीस-चाळीस पेशींचा एक पुंजका वेगळा होतो. पुढच्या पिढीची सारी मिरासदारी याच जननपेशींकडे असते. भ्रूण घड्या घालू लागला की त्या भावी आतड्याच्या पोकळीत ओढल्या जातात. मग आतड्याची भिंत भेदून बाहेर पडतात, तिच्या वरच्या अंगाने सरकतात, डावा-उजवा असे दोन तांडे करतात, आणि शेवटी मध्यस्तरातील ज्या पेशींपासून जननग्रंथी बनावयाची असते त्यांना जाऊन बिलगतात. हा सारा प्रवास भ्रूणावस्थेच्या एका दिवसाच्या आत उरकतो. वाट चुकलेली जननपेशी पुढच्या पिढीच्या हिशेबातून बाद होते.

वाट कशी सापडते, हे पाहण्यासाठी ती चुकणाऱ्या माश्या शोधणे भाग होते. रूथ लेहमन यांच्या प्रयोगशाळेत अशा एका उत्परिवर्तनाला कोलंबस हे नाव मिळाले; इच्छिलेल्या किनाऱ्याला न लागलेल्या दर्यावर्दीचे नाव येथे समर्पकच म्हटले पाहिजे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या जनुकाची ओळख पटली, ती एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराचे जनुक म्हणून. हे विकर जननग्रंथी बनविणाऱ्या पेशींत विपुल असते. ते नसेल तर जननपेशी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि तेच मुद्दाम दुसऱ्या ऊतकात निर्माण करविले, तर जननपेशी आपला नेहमीचा मार्ग सोडून तिकडे वळतात.

ओढणारे विकर असे सापडण्याच्या आदल्या वर्षी, १९९७ साली, परतविणारेही सापडले होते. वुनेन या जनुकापासून बनणारे विकर पेशीच्या आवरणात बसते आणि बाहेरील मेदरेणूंवरचा फॉस्फेट कापून टाकते. आतड्याच्या ज्या भागात ते असते तो भाग जननपेशी टाळतात, आणि ते निकामी झाले तर त्या भ्रूणभर विखुरतात. मला यातील खरे मर्म असे वाटते, की येथे दिशा केवळ काहीतरी निर्माण करून दाखविली जात नाही, तर अमुक जागचे द्रव्य नष्ट करूनही दाखविली जाते. ज्या मुलखात जननपेशीला हवे असलेले मेद शिल्लक उरू दिले जात नाही, तिकडे ती फिरकत नाही. तिच्या स्वतःच्या अंगीही याच कुळातील एक विकर असते, आणि त्याच्यावाचून ती तगत नाही.

दसऱ्यानंतर गेवराई, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतील वस्त्या रिकाम्या होताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही दुहेरी व्यवस्था अगदीच अपरिचित वाटणार नाही: मागून कोरडवाहू रान लोटते, पुढून मुकादमाची उचल आणि साखर कारखान्याचा हंगाम ओढतो, आणि या दोहोंच्या मध्ये ऊसतोड मजुराची वाट आखली जाते. साम्य एवढेच. मजुराला आपण कशासाठी चाललो हे पुरते ठाऊक असते, आणि त्याच्या दुःखाला पेशीचे उदाहरण देऊन हलके करणे मला प्रशस्त वाटत नाही.

एचएमजी-कोए रिडक्टेज हे नाव वाचकाने ऐकले नसले, तरी त्याच्याशी त्याच्या घरातील कोणाचा तरी संबंध आलेला असण्याचा संभव आहे. मानवी यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मार्गावरील कळीचे विकर हेच, आणि हृदयविकाराच्या भयाने जी स्टॅटिन जातीची गोळी रोज रात्री घेतली जाते, ती याच विकराला अडवून धरते. जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीच्या अर्कांतून असे पहिले द्रव्य वेगळे काढले. गंमत अशी, की चिलटाला स्वतःचे कोलेस्टेरॉल मुळी बनविताच येत नाही. ते त्याला अन्नातून मिळवावे लागते. मग हे विकर त्याच्यापाशी कशाला? तर त्याच मार्गाच्या एका फाट्यावर आयसोप्रेनॉइड नावाची मेदद्रव्ये होतात, आणि जननपेशींना बोलावणे धाडण्यास तीच लागतात. २००४ साली झेब्रामाशाच्या भ्रूणांवर स्टॅटिनचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्याही जननपेशी भरकटल्या. कीटक आणि मासा यांच्या कुळांत कोट्यवधी वर्षांचे अंतर असूनही प्रवासाचा हा मसुदा दोघांत बराचसा तोच आहे. यावरून गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही.

माशीच्या अंडाशयातील सीमापेशींची हकीकत याहून आटोपशीर आहे. सहा ते दहा पेशींचा एक घोस, पोषक पेशींच्या दाटीतून अंग चोरीत, सुमारे १५० मायक्रॉनचे अंतर काही तासांत तोडून अंडपेशीला भिडतो, आणि शुक्राणूला आत शिरण्यासाठी कवचात जे छिद्र लागते ते घडविण्यास हातभार लावतो. अंडपेशीकडून येणारे संकेत या पेशींच्या आवरणातील ज्या संवेदकांना कळतात, तेही विकरेच आहेत. आत रॅक नावाचे लहानसे विकर पेशीच्या कोणत्या बाजूला जागे होते, यावर पुढचे पाऊल अवलंबून असते. डेनिस मॉन्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रकाशाने जागे होणारे रॅक या पेशींत बसविले. घोसातील एकाच पेशीवर प्रकाश पाडला, आणि सगळा घोस तिकडे वळला.

दिशा कळली तरी चालण्याला बळ लागतेच. माशीच्या भ्रूणातील भक्षकपेशींना घट्ट ऊतकात शिरताना पहिली फट पाडणे फार जड जाते. एकदा वाट झाली की मागच्यांचे काम सोपे होते. ऑस्ट्रियातील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत डारिया सीकहाउस यांच्या गटाने २०२२ साली दाखविले, की अटोसा नावाचे प्रथिन चयापचयातील दोन विकरांचे आणि पोर्थोस नावाच्या तिसऱ्याचे उत्पादन वाढविते, त्यायोगे पेशीतील तंतुकणिका अधिक ऊर्जा पुरवितात, आणि आघाडीच्या पेशीला आत घुसता येते. अटोसा काढून घेतले तर ती आघाडीची पेशीच उंबरठ्यावर रेंगाळते. अशा लंगड्या पडलेल्या माश्यांत अटोसाशी मिळतीजुळती, सस्तन प्राण्यांतील प्रथिने घातली असता भक्षकपेशी पुन्हा आत शिरू लागल्या.