तळ्यावरचा हक्क ते शाळेतला धडा : ओजिब्वे समाजाचे पर्यावरण शिक्षण

अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ, मॅनिटोबा प्रांतांत ओजिब्वे (अनिशिनाबे) हा मूलनिवासी समाज राहतो. जंगल, पाणी आणि माशांविषयीचे त्यांचे पिढीजात ज्ञान आज तिथल्या काही शाळांत शिकवले जाते. हे कुणाच्या मेहेरबानीने झालेले नाही. त्यामागे हक्काची लढाई आहे, आणि चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी ती समजून घेतली पाहिजे.

शाळेनेच तोडलेली साखळी

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर निवासी शाळांत ठेवले जाऊ लागले. तिथे मातृभाषा बोलली तर शिक्षा होई. ओजिब्वेंचे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते आजी-आजोबांच्या बोलण्यात आणि रोजच्या कामात होते. मूल घरातून गेले, भाषा गेली, तसे ज्ञानही हातातून सुटत गेले. म्हणून आज शाळेतून ते ज्ञान परत देण्याला मोठा अर्थ आहे.

करार, मासे आणि दगड

१८३७ आणि १८४२ च्या करारांत ओजिब्वेंनी जमीन दिली, पण तिच्यावर शिकार, मासेमारी आणि धान्य गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे विस्कॉन्सिन राज्याने हा हक्क मानला नाही. १९७४ मध्ये दोन ओजिब्वे भावांना राखीव क्षेत्राबाहेर भाल्याने मासे मारल्याबद्दल पकडण्यात आले. खटला चालला आणि १९८३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने हक्क कायम असल्याचे सांगितले.

त्यानंतर गोऱ्या निदर्शकांचे जमाव तळ्यांच्या धक्क्यांवर जमू लागले. वंशद्वेषी घोषणा आणि दगड दोन्ही आले. ‘हे लोक सगळे मासे संपवतील’ असा प्रचार झाला. प्रत्यक्षात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनमार्फत मासेमारीची मर्यादा ठरत होती आणि धक्क्यावर मासे मोजले जात होते.

या द्वेषामागे अज्ञान होते. बहुतेक लोकांना करार माहीतच नव्हते, कारण शाळेत ते शिकवलेच नव्हते. म्हणून १९८९ मध्ये विस्कॉन्सिनने ‘अ‍ॅक्ट ३१’ हा कायदा केला. राज्यातील ११ मान्यताप्राप्त मूलनिवासी राष्ट्रांचा इतिहास, संस्कृती आणि सार्वभौमत्व सरकारी शाळांत प्राथमिक स्तरावर किमान दोनदा आणि माध्यमिक स्तरावर एकदा शिकवणे बंधनकारक झाले.

शिकवतात काय?

मनोमिन हे उथळ पाण्यात उगवणारे धान्य घ्या. इंग्रजीत त्याला वाइल्ड राइस म्हणतात, पण ती आपल्या तांदळाची जात नव्हे. उन्हाळ्याच्या अखेरीस दोघे जण होडीतून जातात. एक जण लांब काठीने होडी ढकलतो. दुसरा एका काठीने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने हलकेच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे ताटावरच राहतात, काही पाण्यात पडून पुढच्या वर्षीचे बी होतात. मग वाळवणे, भाजणे, पायाने मळणे आणि बर्च झाडाच्या सालीच्या सुपात पाखडणे.

एवढ्या कामात मुले बरेच विज्ञान शिकतात. पाण्यातील सल्फेटपासून चिखलात सल्फाइड तयार होते आणि ते या रोपाला मारक ठरते. म्हणून मिनेसोटाने १९७३ मध्येच अशा पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली. रोपांची पाने पाण्यावर तरंगत असताना पातळी अचानक वाढली तर रोपे मुळासकट उपटतात. खाण किंवा धरणाचा प्रश्न मुलांना इथेच कळतो.

वसंतात मेपलचा रस काढतात. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक मिळतो. लाकूदरे येथील वाडूकोडाडिंग शाळेत असे धडे ओजिब्वे भाषेतूनच दिले जातात. ओजिब्वे महिन्यांची नावेही या कामांवरून पडली आहेत. मनोमिन काढण्याचा महिना म्हणजे ‘मनोमिनिके-गीझिस’.

शिकवण्याचीही शिस्त

या ज्ञानाला मर्यादा आहेत. काही कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात. वनस्पती घेण्याआधी तंबाखू अर्पण करून कृतज्ञता व्यक्त केली जाते. काही ज्ञान बाहेरच्यांसाठी नसतेच. म्हणून शिक्षकाने आधी जाणत्यांना विचारायचे, काय शिकवायचे ते त्यांनी ठरवायचे.

कायद्याची उणीव अशी, की न शिकवणाऱ्या शाळेला दंड नाही. त्यामुळे अंमलबजावणी शिक्षक, पालक आणि कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यावर राहते.

मित्रांनो, तळेच दूषित झाले तर मनोमिनचा धडा फळ्यावर शिकवून काय उपयोग? म्हणूनच २०१८ मध्ये व्हाइट अर्थ येथील ओजिब्वेंनी मनोमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क देणारा कायदा केला. वर्गातला धडा आणि पाण्याचा हक्क या दोन्हींसाठी हा समाज एकाच वेळी लढतो आहे.