हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे सगळं ठीक?
सांगलीत विश्रामबागच्या टपरीवर सिगारेट ओढणाऱ्याला हिरड्यांबद्दल विचारा. 'रक्त येत नाही, मस्त आहेत!' गोम इथेच आहे. निकोटिनमुळे हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात; आत हाड झिजत असलं तरी रक्त फारसं दिसत नाही.

लाळ मात्र चुगली करते. हिरडी सुजली की पांढऱ्या पेशींतून 'एमएमपी-८' हे विकर सुटतं, कोलॅजन तोडतं आणि लाळेत उतरतं. ते मोजणाऱ्या झटपट चाचण्या आहेत. पण धूम्रपानाने त्याचंही प्रमाण बदलू शकतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होऊ नका. दात-हिरडीतली फट दंतवैद्याकडूनच मोजून घ्यावी लागते. ३ मिमीपर्यंत ठीक. विश्रामबागजवळ वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहेच.

आणि हो, सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला रक्त जास्त दिसू शकतं. घाबरून पुन्हा पेटवू नका.