जवाची ओंबी गळेनाशी कशी झाली?

रानटी जवाची, म्हणजे सातूची, ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्याशी तुटतो व दाणे भुईवर सांडतात. कारण तेथील पेशींच्या भिंती पातळ झालेल्या असतात. रोपाची सोय खरी, पण कापणाऱ्याच्या हाती काय उरावे? ही गळती घडविणारी जनुके दोन. त्यांपैकी एक जरी निकामी झाले तरी कणा अखंड राहतो. पेरणीच्या काही वाणांत पहिले निकामी आहे, काहींत दुसरे, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अर्थात भूमध्य समुद्राच्या पूर्वेस, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, हा पालट निदान दोनदा घडला; एकदा दक्षिणेकडे, एकदा उत्तरेस सीरियाच्या बाजूला. एकाच मूळ शेताची कल्पना मोहक खरी, परंतु ती टिकत नाही. या दोन वाणांचा संकर केल्यास संततीस प्रत्येकाकडून एकेक निकोप जनुक लाभते आणि तिची ओंबी पुन्हा रानटी जवासारखी गळू लागते.