ई-मेलमध्ये दडलेली लढाई

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतलं कुठलंही ऑफिस घ्या. मराठी मुलगी कॉफी पिता पिता शेजारणीला म्हणते, 'आय नीड हेल्प.' पाच मिनिटांनी तीच साहेबांना मेल लिहायला बसते आणि 'हेल्प'चा 'असिस्टन्स' होतो, 'स्टार्ट'चा 'कमेन्स' आणि 'बाय'चा 'परचेस'. अर्थ तर तोच! मग इंग्रजीनं एकाच गोष्टीसाठी दोन-दोन शब्द पोसले कशाला?

कारण एक लढाई! १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जला नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंडच्या हॅरल्डचा पराभव केला. सिंहासनावर, दरबारात, न्यायासनावर फ्रेंच बोलणारे बसले. शेतात आणि चुलीपाशी इंग्रजीच राहिली. तब्बल तीनशे वर्षांनी, १३६२ मध्ये, कायदा झाला की कोर्टातले वाद इंग्रजीत चालवा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आणि हा कायदा लिहिला होता कुठल्या भाषेत? फ्रेंचमध्ये!

पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडचा आणि 'इंटरोगेट' लॅटिन. आईनं 'आस्क' केलं तर सांगावंसं वाटतं; 'इंटरोगेट' ऐकलं की वकील आठवतो.

हे सारं ओळखीचं वाटतंय ना? पोराला आपण 'घरात ये' म्हणतो, पत्रिकेवर मात्र 'गृहप्रवेश' छापतो. इंग्रजी मृत्युपत्रावर 'विल अँड टेस्टामेंट' असतं: पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिन, अर्थ जवळपास एकच. आता आपलं 'कागदपत्र' पाहा. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून! धनदौलत, रीतरिवाज, मानमरातब... सगळ्या जोड्या अशाच. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना एकच युक्ती सुचावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

याचा एक धागा बंगळुरूपाशीही येतो. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते; जयराम पिंड्ये त्यांतलाच. शहाजीराजांच्या मुलानं, शिवाजी महाराजांनी, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा मुख्य प्रधान. काम तेच, पण हुद्द्याचा थाट बदलला! तरी लोकांच्या तोंडी 'पेशवे' टिकलेच.

आणि खरा चमत्कार आपल्या बाबतीत घडतो. लंडनमधलं मूल 'फाइंड आउट' आधी शिकतं, 'असर्टेन' कितीतरी वर्षांनी. आपल्याकडे इंग्रजी स्वयंपाकघरातून आलीच नाही. ती आली कचेरीतून, कोर्टातून, पाठ्यपुस्तकातून. त्यामुळे आपल्याला 'पोस्टपोन' सोपा आणि 'पुट ऑफ' अवघड! 'पुट' कळतं, 'ऑफ' कळतं, पण दोन्ही एकत्र आले की अर्थ हातातून निसटतो. सणासुदीची चांदीची ताटं हाताशी आणि रोजची माळ्यावर, असं आपलं झालंय. ब्रिटनमध्ये मागे पडलेलं 'डू द नीडफुल' आपल्या कचेऱ्यांत अजून ठणठणीत आहे, तेही यामुळेच.

मग निवड करायची कशी? करार, तक्रार, नोंद, जिथे थोडं अंतर राखायचंय, तिथे जड शब्द शोभतो. धोका सांगायचा असेल, मदत मागायची असेल, तर हलका शब्द लवकर पोचतो. 'असिस्टन्स'नं साहेब प्रभावित होतील असं वाटतं खरं, पण काम अडलेलं असताना 'हेल्प' लिहिलेलं बरं.

आणि एक विनंती. सहकाऱ्याच्या घरचं कुणी वारलं, तर 'हार्टफेल्ट कन्डोलन्सेस' लिहून थांबू नका. 'आय ॲम सो सॉरी' लिहा, आणि जमलं तर फोन करून मराठीत बोला.