धातूचे प्रसरण : रूळ आणि गाडीची धाव

उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे वाक्य विद्यार्थी बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु किती, असे विचारताच वर्ग गप्प बसतो. वस्तुतः हे गणित सोपे आहे. पोलादाची १ मीटर लांबीची कांब तपमान १ अंश सेल्सिअसने वाढले असता सुमारे ०.०१२ मिलिमीटरने लांब होते. मीटरमधील लांबी, तपमानातील वाढ व ०.०१२ यांचा गुणाकार केला की वाढ मिलिमीटरमध्ये मिळते. तांब्यासाठी ०.०१७ घ्यावे.

१३ मीटर लांबीचा रूळ पहाटे २० व दुपारी ६० अंशांवर असेल (उन्हात रूळ हवेपेक्षा अधिक तापतो), तर वाढ १३ × ४० × ०.०१२ = ६.२४ मिलिमीटर. येथे पुष्कळ मुले ६० नेच गुणतात. गुणावयाचे ते तपमानातील फरकाने.

याहून बोलके उदाहरण बैलगाडीच्या चाकाचे. लोहार लोखंडी धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवतो. धाव लाल तापवून चढवितात व लगेच पाणी ओततात. ती आकसून सारे चाक आवळून धरते. धावेचा आतील व्यास १.४ मीटर धरल्यास घेर ४.४ मीटर होतो. तपमान ५०० अंशांनी वाढल्यास घेर ४.४ × ५०० × ०.०१२ = २६.४ मिलिमीटरने व व्यास ८.४ मिलिमीटरने वाढेल. इतक्या उष्णतेत गुणांक थोडा वाढतो. म्हणून हे उत्तर स्थूलच समजावे.

धातू आतल्या बाजूसही फुगेल व भोक लहान होईल, अशी शंका हुशार मुलेच काढतात. ती हसण्यावारी नेऊ नये. धाव कापून सरळ पट्टी केली आहे अशी कल्पना करावयास सांगावे. तापल्यावर पट्टी लांब होते. ती पुन्हा वळविली की कडे मोठेच होणार. जाडीही वाढते, पण १० मिलिमीटर जाडी ५०० अंशांना अवघी ०.०६ मिलिमीटरने.

आता पुष्कळ मार्गांवर रूळ सांधून सलग केलेले असतात व पूर्वीसारख्या फटी दिसत नाहीत. तेथे स्लीपर व खडी रुळास घट्ट धरतात. अडलेले प्रसरण दाबाच्या रूपाने रुळातच राहते. खडी सैल झाल्यास तापलेला रूळ बाजूस वाकतो. यास्तव कडक उन्हाळ्यात दुपारी अशा मार्गांवर गस्त घातली जाते.