'प्यायलेला असेल' म्हणण्यापूर्वी

एस.टी. स्टँडचा कोपरा, रेल्वे स्टेशनचा जिना, देवळाचे आवार, रात्री बंद झालेल्या दुकानाची पायरी हेच ज्यांचे घर, अशी माणसे प्रत्येक शहरात असतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. आपण त्यांच्याजवळून रोज जातो. कुणी नाणे टाकतो, कुणी पोळी-भाजी देतो. हे चांगलेच आहे. पण डॉक्टर म्हणून मला विचाराल, तर त्यांचा जीव वाचवणारी गोष्ट बिनपैशाची आहे. क्षणभर थांबून त्या माणसाकडे नीट पाहणे, एवढीच ती गोष्ट.

रस्त्याच्या कडेला कुणी पडलेला दिसला की आपण चटकन म्हणतो, 'प्यायलेला असेल.' असेलही. परंतु रक्तातील साखर उतरणे, डोक्याला मार लागणे, फिट येणे, ऊन लागणे, मेंदूत रक्तस्राव होणे, या सर्वांत माणूस असाच पडतो, असाच बरळतो. शिवाय तोंडाला दारूचा वास आला म्हणून डोक्याला मार लागलेलाच नाही, असे होत नाही.

आमच्या दवाखान्यात एका चहावाल्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांना हातगाडीवर घालून आणले होते. जमलेले लोक दारूच म्हणत होते. चहावाला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबा रोज सकाळी माझ्याकडं चहाला येतात. पीत नाहीत." तपासले तर साखर धोक्याच्या पातळीखाली उतरलेली. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात अन्न नव्हते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत बाबांनी डोळे उघडले. पुढील उपचारांसाठी त्यांना सिव्हिल हॉस्पिटलला पाठवले. त्या दिवशी निदानाला खरी मदत चहावाल्याची झाली, कारण तो बाबांना ओळखत होता.

अशा वेळी काय करावे? मोठ्याने हाक मारा, खांदा हलवून पाहा. शुद्ध नसेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली ही रुग्णवाहिका विनामूल्य येते. उन्हाने अंग तापले असेल तर सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला.

जेवण देतानाही थोडे भान ठेवावे. कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपेट गोडधोड देऊ नये. अशाने रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जिवाला धोका होऊ शकतो. आधी पातळ खिचडी किंवा पेज, थोडी थोडी द्यावी. थंडीत चादर देणार असाल तर अंगाखाली घालायला एखादे गोणपाटही द्या, कारण गारठा जमिनीतूनही चढतो.

पायांकडे जरूर पाहा. मधुमेहात आणि कुष्ठरोगात पाय बधिर होतात. खिळा रुतला तरी कळत नाही. जखम साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाका. किडे पडले असतील तर रॉकेल, फिनेल ओतू नका, रुग्णालयात न्या. जुन्या पण धड चपलांचा एक जोड कधीकधी पाय वाचवतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, हे त्यांना सांगा.

काहीजण एकटेच बोलतात, कचऱ्यातले खातात. त्यांना 'वेडा' म्हणून हुसकावू नका. १९८८ साली मुंबईत मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहिला आणि त्याला उपचारांसाठी नेले. बरा झाल्यावर कळले, की तो पदवीधर होता आणि आंध्रातले त्याचे घरचे लोक त्याला शोधत होते. त्यातून उभ्या राहिलेल्या त्यांच्या 'श्रद्धा' संस्थेने पुढे हजारो रुग्णांना बरे करून घरी पोहोचवले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा भटक्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. तेव्हा पोलिसांना कळवताना संकोच नको.

आणि शेवटी, नाव विचारा. रोज दिसणाऱ्या माणसाचे नाव माहीत असले, की तो एखाद्या सकाळी दिसला नाही किंवा उठला नाही, तर ते आपल्या लक्षात येते. उपचार आम्ही डॉक्टर करू, पण 'बाबा आज उठले नाहीत' हे सांगायला आधी तुमच्यापैकीच कुणीतरी लागेल.