टोपीच्या रिव्हॉल्व्हरांवरील कोरीव काम : अस्सल व बनावट

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणारास हें निराळें सांगावयास नको कीं, बखरींत वर्णिलेल्या प्रसंगाचा शक आणि ती बखर ज्या वर्षीं नकलून काढली तो शक, हे एक नव्हेत. हाच नियम कोरीव शस्त्रांसही लागू आहे; परंतु कागदाविषयीं इतके सावध असणारे संग्राहक हातीं शस्त्र आलें कीं तो विसरतात. ‘१८५१ चें नेव्ही’ या नांवानें ओळखलें जाणारें कोल्टचें टोपीचें रिव्हॉल्व्हर हें याचें ठळक उदाहरण होय.

गारेच्या बंदुकींत चकमकीची ठिणगी रंजकावर पडे. टोपीच्या शस्त्रांत रंजकाच्या जागीं स्फोटक द्रव्याची लहानशी तांब्याची टोपी आली. तिजवर घोडा आपटला कीं आंतील दारू पेट घेई. अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट यानें फिरत्या सिलिंडराच्या रचनेचें पेटंट १८३६ सालीं घेतलें. नेव्हीच्या सिलिंडरास सहा घरें असून प्रत्येकांत दारू व शिशाची गोळी पुढून ठासावी लागे. १८५० पासून १८७३ पर्यंत हार्टफर्ड येथें अशीं सुमारें २,१५,००० शस्त्रें झालीं. लंडनच्या कारखान्यांत १८५३ ते १८५६ या अवधींत सुमारें ४२,००० झालीं.

या सिलिंडरावर गलबतांची लढाई दाखविलेली असून कडेस १६ मे १८४३ ही तारीख इंग्रजींत असते. ती वाचून शस्त्र १८४३ चें ठरविलें कीं फसगत झालीच. तारीख आहे कांपेचेच्या आरमारी लढाईची. टेक्सस त्या वेळीं स्वतंत्र राज्य होतें व त्याचें आरमार कमोडोर मूर याच्या हाताखालीं मेक्सिकोच्या आरमाराशीं झुंजलें. त्या आरमारानें कोल्टचीं पहिलीं रिव्हॉल्व्हरें विकत घेतलीं होतीं, त्या उपकाराची ही आठवण. चित्र कोरलें न्यूयॉर्कच्या ऑर्म्सबी नामक कारागिरानें. बँकेच्या नोटा कोरणें हा त्याचा धंदा. चित्र पोलादी रुळावर असे. तो रूळ दाबून सिलिंडरावर फिरविला कीं चित्र उमटे. म्हणजे हा शिक्का झाला, हातचें लेखन नव्हे. १८६० च्या ‘आर्मी’वर व १८६१ च्या ‘नेव्ही’वरही हीच लढाई आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलींत होणाऱ्या प्रतिकृतींवरही आहे. नुसत्या या चित्राबद्दल ‘कोरीव नग’ म्हणून अधिक किंमत देणें म्हणजे छापील स्टँपाच्या कागदास हस्तलिखिताचें मोल देणें होय.

खरें दुर्मिळ तें हातानें कोरलेलें काम. कोल्टच्या शस्त्रांवर वेलबुट्टी कोरणाऱ्यांत जर्मनींतून आलेला गुस्ताव्ह यंग अग्रगण्य होता. न्यूयॉर्कच्या निम्श्के यानें तर आपल्या कामाचे ठसे कागदावर काढून वहींत जपून ठेविले. ती वही १९६५ सालीं छापून प्रसिद्ध झाली. कोरीव कामाचा असा दफ्तरी पुरावा सहसा मिळत नाहीं. परंतु छापील वही बनावट कारागिरासही मिळते, हें ध्यानांत धरावें. केवळ नक्षी जुळली म्हणून नग अस्सल ठरत नाहीं.

परीक्षा धातूची करावी. कोल्टच्या कारखान्यांत चौकटीवर आधीं नक्षी कोरीत व मग तिला भट्टींत कठीण करीत. म्हणून त्या क्रियेच्या निळसर-तपकिरी छटा अस्सल कामांत रेषांच्या तळाशींही असतात. मागाहून कोरणारास कठीण झालेलें पोलाद आधीं नरम करावें लागतें, आणि तसें करतांना छटा नाहींशा होतात. निपलांभोंवतीं टोप्यांच्या क्षारानें गंज चढून खळगे पडतात. गंज रेषेंत शिरलेला असेल तर रेष जुनी. खळग्यांवरून रेष स्वच्छ गेली असेल तर ती नवी. नळी, चौकट, सिलिंडर, चापाची कमान यांवरील अनुक्रमांक सारखे आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि छिन्नी त्या आंकड्यांस वळसा घालून गेली आहे कीं त्यांना कापून गेली आहे, तें भिंगानें पाहावें. बनावट महजरांत शाई शिक्क्याच्या वर आहे कीं खालीं हें आपण पाहतों, तसाच हा प्रकार.

१८५७ च्या धामधुमींत कंपनीच्या कांहीं अंमलदारांजवळ कोल्टचीं व ॲडम्सचीं रिव्हॉल्व्हरें होतीं. लंडनच्या नेव्हीची कमान बहुधा लोखंडी, हार्टफर्डची बहुधा पितळी. लंडनच्या नगावर तेथील परीक्षागृहाचे छाप असतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या धाटणीच्या वा पुराणवस्तु म्हणून मोलाच्या शस्त्रांस सूट आहे, पण तीं दुरुस्तीनेंही चालण्याजोगीं नसलीं तरच. चांगल्या स्थितींतील रिव्हॉल्व्हर त्यांत बसेल असें गृहीत धरूं नये. खरेदीपूर्वींच परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. मागाहून वेल्डिंगनें नळी बुजवून सूट मिळविण्याचा मार्ग सुचविला जातो, पण त्या उष्णतेनें चौकटीवरील छटा जातात आणि नक्षी अस्सल असल्याचा पुरावाही त्यांबरोबर जातो.